कार्डाला वाळ्याचा कूलर

"मी आल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावू नका," असं मुलानं, श्रीशैलनं बेंगळूरहून फोनवर दोनदोनदा बजावलं. उमाशंकरप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, "हाव" म्हटलं, फोन ठेवला आणि लगेच ठरवून टाकलं की हात लावायचा.

ह्यात सगळा दोष अप्पांचाच होता, असं काही म्हणवत नाही. श्रीशैल फोनवर जे बोलला त्यात 'कूलर' हा शब्द आला होता. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे अप्पांना ठाऊक नव्हतं. (मलाही नीट ठाऊक नाही, पण मी कुणाचं कार्ड बिघडवलेलं नाही.) पण कूलर! लातुरात उमाशंकरप्पा हालकुड्यांना कूलरबद्दल कुणी शिकवावं, म्हणजे गाईंसाठी नावाजलेल्या देवणीच्या माणसाला गाय दाखवून 'हिला चार पाय असतात बरं का' म्हणण्यासारखं आहे.

गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत अप्पांचं 'दानेश्वरी कूलर सेंटर' आहे. पत्र्याचे, निळ्या रंगाचे, वाळा भरलेले कूलर ते स्वतः बनवून विकतात. ह्या कूलरचे गुण दोन. एक, हवा गार येते. दुसरा, आवाज होतो. आवाज असा की चालू कूलरशेजारी बसून गिऱ्हाइकानं किंमत कमी करायला सांगितली, तर ते अप्पांना ऐकूच येत नाही. कुणी तक्रार केलीच तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "आवाज येतोय म्हणजेच हवा येतीय."

असाच एक कूलर त्यांच्या घरी मधल्या खोलीत होता. त्यामुळे उन्हाळ्याचे चार महिने हालकुड्यांच्या घरात कुठलंही वाक्य एकदा बोलून भागत नसे. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं "आँ?" म्हणायचं, मग पहिल्यानं तेच पुन्हा ओरडून सांगायचं, असा त्या घरचा रिवाज. उरलेले आठ महिने कूलर बंद असायचा, पण तेव्हाही बाप-लेक एकमेकांशी फारसं बोलत नसत. जे काही बोलायचं ते आईमार्फत, म्हणजे दानम्मांमार्फत. "तुझ्या लेकाला म्हणावं, केस काप." "अप्पांला सांग, पुढल्या महिन्यात कापतो." दोघं एकाच खोलीत, हातभर अंतरावर आणि मधे दानम्मा भाकरी थापत निरोप इकडचे तिकडं करायच्या. भांडण वगैरे काही नव्हतं हो. दोघांनाही बोलायला जमायचं नाही, एवढंच.

दोन उन्हाळ्यांपूर्वी दानम्मा गेल्या आणि निरोप पोचवणारं माणूसच घरात राहिलं नाही. श्रीशैल नोकरीवर बेंगळूरला, अप्पा लातूरला. रोज फोन यायचा. "तिकडं ऊन?" "हाय. तिकडं?" "इकडं बी हाय." मग दोघं आपापल्या गावचं ऊन बघत गप्प. एवढ्या उकाड्यानंतर "बरं, ठेवू का?" आणि फोन बंद. फोन ठेवल्यावर अप्पा पुष्कळ वेळ तो हातातच धरून बसत. पोराच्या मनात काय चाललंय ते विचारायची त्यांना लई इच्छा व्हायची, पण ते विचारायचं कसं, हे दानम्मा त्यांना शिकवून गेल्या नव्हत्या.

ह्यावर इलाज काढला तो श्रीशैलनं. त्याचा खेळायचा मोठा कॉम्प्युटर लातूरच्या घरी पडून होता, कारण त्यानं तिकडं नवा घेतला होता. गेल्या दिवाळीला आला तेव्हा त्यानं अप्पांना त्या कॉम्प्युटरपुढं बसवलं, कानाला माइकचा हेडफोन लावला, हातात खेळायचं स्टेअरिंग दिलं आणि ट्रक चालवायचा एक खेळ शिकवला. दोघांनी दोन गावांत बसायचं आणि परदेशातल्या एकाच रस्त्यानं आपापला ट्रक हाकायचा, असा तो खेळ. अप्पांनी आयुष्यात सायकलच्या पुढं काही चालवलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी परदेशातले एवढे खांब पाडले की तिथल्या वीज मंडळानं त्यांच्या नावानं वेगळं खातं काढलं असेल. पण हळूहळू जमलं.

आणि गंमत अशी झाली, की ट्रक चालवता चालवता दोघं बोलायला लागले. तोंड समोर रस्त्याकडं असलं की जीभ सुटते, असं काहीतरी असावं. "अप्पा, पुढं वळण हाय. आन् ऐका, माझा साहेब लई तकलीफ देऊन राहिलाय." "दे शिव्या मनातल्या मनात. डावीकडं घेऊ का?" एकदा तर घाटात, ट्रक कलंडायच्या बेतात असताना, अप्पांनी त्याला लग्नाचं विचारलं होतं. दुकान बंद केलं की अप्पा धावतपळत घरी यायचे. वयाच्या साठीत माणूस आपल्या लेकाच्या ओळखीचा होत होता. त्याचं त्यांना फार अप्रूप वाटायचं.

परवा असाच एक लांबलचक सरळ रस्ता लागला होता. श्रीशैलचा ट्रक पुढं, अप्पांचा मागं. मग श्रीशैल म्हणाला, "अप्पा, एक विचारू?"

"विचार की."

"आई शेवटाला काय म्हणली?"

श्रीशैल त्या दिवशी पोचू शकला नव्हता. तो बेंगळूरहून रेल्वेत बसला तेव्हा दानम्मा होत्या. गाडी उदगीरला आली तेव्हा नव्हत्या. दोन वर्षं हा प्रश्न त्यानं पोटात ठेवला होता आणि आता रस्ता सरळ मिळाल्यावर विचारला होता.

अप्पांपाशी त्याचं उत्तर नव्हतं. म्हणजे जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. भर दुपारची वेळ, दानम्मा मधल्या खोलीत पडलेल्या, उशाशी अप्पा. दानम्मांनी डोळे उघडले, अप्पांकडं बघितलं आणि ओठ हलवून काहीतरी बोलल्या. पण कूलर चालू होता. आणि अप्पांनी त्या घरच्या रिवाजाप्रमाणं विचारलं, "आँ?" मग ते घाईनं उठले, कूलरचं बटण बंद केलं, खोली एकदम शांत झाली आणि ते वळून बघतात तर दानम्मांचं बोलणं कायमचं संपलेलं होतं. त्या काय म्हणाल्या, ते आपल्याच हातच्या कूलरनं ऐकू दिलं नाही. आणि आपण बायकोशी बोललेला शेवटचा शब्द 'आँ' आहे. ही गोष्ट अप्पांनी कुणालाही सांगितलेली नव्हती.

पण आज सांगायचं, असं त्यांनी मनाशी धरलं. घसा खाकरला. "श्रीशैल, त्याचं काय झालं—"

आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. पेटी थंड झाली म्हणायची सोय नाही, कारण तिला हात लावला तर चटका बसत होता.

पाठोपाठ श्रीशैलचा फोन आला. "अप्पा, ग्राफिक्स कार्ड तापून बंद पडून राहिलंय. खेळातली चित्रं तेच हलवतंय ना, मग तापतंय. जुनं झालंय. त्याचा कूलर लहान पडतोय."

"कूलर लहान पडतोय?" अप्पा सावरून बसले.

"हाव. उन्हाळा हाय ना. मोठा कूलर लावला की होतंय. मी दिवाळीला आलो की बघतो. तवर मी आल्याशिवाय हात लावू नका."

मघाचा प्रश्न दोघांनाही आठवत होता, पण आता समोर रस्ता नव्हता. "तिकडं ऊन?" श्रीशैलनं विचारलं. "हाय," अप्पा म्हणाले. दिवाळी अजून सहा महिने लांब होती. तोवर पोरगं तो प्रश्न घेऊन एकटंच बसणार, आणि पुन्हा विचारायचा धीर त्याला होईलच असं नाही, आपल्याला सांगायचा तर नाहीच नाही, हे अप्पांना स्वच्छ दिसत होतं. म्हणून त्यांनी हात लावायचं ठरवलं.

तरी अप्पा काही अगदीच अविचारी गृहस्थ नाहीत. जाणकाराचा सल्ला घ्यावा म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी औसा रोडच्या संगमेशला फोन लावला. हा संगमेश कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि श्रीशैलचा शाळेपासूनचा दोस्त.

"संगमेश, कॉम्प्युटरला पाण्याचा कूलर लावतेत का रे?"

"लावतेत की अप्पा. मोठमोठे गेमिंगवाले पाण्याचाच लावतेत. लई गार राहतंय."

"आन् पाणी कुठून कुठं जातंय?"

"ते फिरत राहतंय. पंप असतोय ना त्याला."

"पंप असतोय!" अप्पांचा जीव भांड्यात पडला. पंप म्हणजे तर घरचीच गोष्ट.

"पण अप्पा, ते सगळ्यांला जमत न्हाई हां. जाणता माणूस पाहिजे."

हे शेवटचं वाक्य संगमेशनं बोलायला नको होतं.

दुकानात नरसिंग पत्रा कापत बसला होता. नरसिंग म्हणजे अप्पांचा जुना कारागीर. अप्पांच्या कुठल्याही कल्पनेला आधी "न्हाई" म्हणायचं आणि मग ती पार पाडायची, अशी त्याची पद्धत.

"नरसिंग, एक कूलर करायचाय. स्पेशल."

"न्हाई. कितीची खोली हाय?"

"खोली न्हाई. डबा हाय." अप्पांनी दोन हातांनी माप दाखवलं.

नरसिंगनं ते माप बराच वेळ न्याहाळलं. "अप्पा, एवढ्यात कोण राहतंय? मांजर?"

पण कूलर झाला. आणि झाला तो असा देखणा, की तसा कूलर त्या दुकानातून कधी बाहेर पडला नव्हता. अप्पांनी पत्र्याचे काठ स्वतः घासले, नवा कोरा वाळा भरला, बारका पंप बसवला आणि सवयीनं वर निळा रंगही दिला. एवढ्या मायेनं तर त्यांनी घरचा कूलरही केला नव्हता. रंग देता देता त्यांच्या मनात आलं, की आपल्या बायकोसाठी आपण कधी स्पेशल काही बनवलंच नाही. गोदामात पोचा पडलेला जो होता तोच घरी आणून लावला. हे मनात आल्यावर त्यांनी ब्रश ठेवला आणि उगाच गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले.

कूलर घरी आणताना शेजारच्या केवळाबाई ओट्यावरच होत्या. दानम्मा गेल्यापासून अप्पांच्या भाकरी त्याच करून देतात, त्यामुळे घरात काय चाललंय हे विचारायचा त्यांना पुरा अधिकार आहे.

"अप्पा, हे काय आणलं?"

"कार्ड तापलंय, त्याला."

"कोणचं कार्ड? आधारचं?"

"न्हाई हो."

"रेशनचं?"

"ग्राफिक्सचं."

"हे कवा निघालं?" केवळाबाई उठून उभ्या राहिल्या. "आमाला कुणी सांगितलंच न्हाई. कागदं काय काय लागतेत?"

"केवळाबाई, ते सरकारी न्हाई. श्रीशैलचं हाय."

"असं कसं? श्रीशैलला मिळतंय आन् आमाला का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या चार बाया आधारच्या झेरॉक्स घेऊन अप्पांच्या दारात उभ्या होत्या. त्यांची समजूत घालता घालता अप्पा बेजार झाले. शेवटी त्यांना आत नेऊन प्रत्यक्ष कार्ड दाखवावं लागलं. बायांनी वाकून बघितलं आणि एवढ्याशा वस्तूसाठी नळाला आठवड्यातून एकदा येणारं पाणी कूलरच्या टाकीत ओतलेलंही बघितलं. "लोकाला प्यायला पाणी न्हाई, आन् तुम्ही कॉम्प्युटरला पाजून राहिलेत," केवळाबाई म्हणाल्या. आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

अप्पांनी कॉम्प्युटरच्या पेटीचं काचेचं झाकण काढलं, कूलर बरोबर कार्डाच्या तोंडासमोर ठेवला आणि बटण दाबलं. सगळं घर घरघरायला लागलं. श्रीशैलला ऑफिसचं काम होतं म्हणून त्या दिवशी अप्पांनी एकट्यानंच ट्रक चालवून बघितला. पडद्याच्या कोपऱ्यात कार्ड किती तापलंय त्याचा आकडा दिसे. एरवी तो बघून अप्पांना वाटायचं की आपलं लातूर त्या मानानं महाबळेश्वर आहे. आज तो आकडा सरसर खाली आला आणि खालीच राहिला. अप्पांनी कूलरच्या पाठीवर थाप मारली. देवासमोरची विभूती आणून त्याच्या निळ्या कपाळावर तीन बोटं ओढली. शिकलेल्या लेकाला जे दिवाळीला जमणार होतं ते आपण आत्ताच करून दाखवलं, ह्या आनंदात त्यांना भाकरी दोन जास्त गेल्या.

मग श्रीशैल मोकळा झाला, "आता तापत न्हाई" एवढंच अप्पांनी त्याला सांगितलं आणि दोघांचे ट्रक पुन्हा रस्त्याला लागले.

"अप्पा, तुमचा आवाज फाटून येतोय," श्रीशैल सुरुवातीलाच म्हणाला.

"हाव हाव, चल तू पुढं," अप्पा म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष रस्त्याकडं होतं. सरळ रस्ता कधी लागतो, एवढीच ते वाट बघत होते.

लागला. अप्पांनी स्टेअरिंग नीट धरलं, डोळे समोर ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदा शब्द अडखळले, मग आपोआप यायला लागले. ती दुपार, दानम्मांचे उघडलेले डोळे, हललेले ओठ, मधला कूलर आणि आपण म्हटलेलं ते 'आँ', काही म्हणजे काही मागं ठेवलं नाही. "तिनं काय म्हणलं ते मला ऐकूच आलं न्हाई रे," ते म्हणाले. "तुझ्यासाठी काहीतरी म्हणली असंल. असणारच. ते माझ्यापाशी यायचं होतं आन् मी ते सांडलं. मला माफ कर." दोन वर्षांचं ओझं उतरलं. गालावरनं पाणी वाहत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही, कारण हात स्टेअरिंगवर होते.

तिकडून काहीच आवाज आला नाही. पोरालाही भरून आलं असावं, असं अप्पांना वाटलं. त्यांनी त्याला वेळ दिला. ट्रक आपला चालला होता.

"अप्पा?" शेवटी श्रीशैल म्हणाला. "अप्पा, हायत का तिथं? मघापासनं मला नुसता खर्रर्र आवाज येऊन राहिलाय. काही बोललेत का तुम्ही?"

म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा त्याच घरात, आपल्याच हातच्या कूलरनं, एका माणसाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं. अप्पा तिरीमिरीत उठले, कूलर बंद करायला धावले, आणि घाईत त्यांचा गुडघा टाकीवर आदळला. वाळ्यातलं पाणी फुर्रकन उडालं आणि पेटीत गेलं. 'फट्' असा एक आवाज झाला, जळका वास सुटला आणि कार्ड, ट्रक, रस्ता, सगळं एकदमच गेलं.

दोन दिवस अप्पा फोनवर थापा मारत राहिले. आधी लाईट नव्हती. मग गल्लीतली डीपी जळाली. मग उंदरानं वायर कुरतडली. (उंदीर खरोखरच होता, पण तो निर्दोष होता.) तिसऱ्या दिवशी ते नरसिंगच्या टेंपोत त्याच्या शेजारी बसले आणि ती पेटी त्यांनी आजारी पोराला दवाखान्यात न्यावं तशी मांडीवर धरून संगमेशच्या दुकानात नेली.

संगमेशनं पेटी उघडली. आतून आधी वाळ्याची काडी निघाली, मग निळ्या रंगाचा एक पोपडा.

"अप्पा, हे काय हाय?"

"पाण्याचा कूलर. तूच म्हणलास."

"अप्पा, मी म्हणलो ते नळीतलं पाणी. बंद नळी असते. थेंब बाहेर येत न्हाई."

"मग तसं सांगायचं होतं."

"कूलर तुमचा धंदा, आन् तुम्हाला मी काय सांगणार?" संगमेशनं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि डॉक्टर लोक जशी मान हलवतात तशी हलवली. "गेलं अप्पा. आन् मी श्रीशैलला फोटो पाठवलाय. मला वाटलं हसंल. पण गप झाला."

टेंपो परत दुकानापुढं येऊन थांबला. दुकानात निलंग्याकडचं एक नवराबायकोचं गिऱ्हाईक वाट बघत होतं, म्हणून नरसिंग उतरून तिकडं गेला. अप्पांना उतरावंसं वाटेना. मेलेली पेटी मांडीवर घेऊन ते तसेच बसून राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"अप्पा."

"हं."

"कार्डाचं कळलं. जाऊ द्या. जुनंच होतं."

"हं."

"तिकडं ऊन?"

अप्पांच्या तोंडात "हाय" आलं होतं. एवढं म्हटलं की सुटका होती. पण त्यांची नजर समोर गेली. टेंपोच्या काचेतून गल्ली दिसत होती, एक हातगाडी, आणि पुढं सरळ गेलेला रस्ता. अप्पांनी पेटी बाजूला ठेवली आणि सरकून नरसिंगच्या जागेवर बसले.

"श्रीशैल, मी टेंपोत बसलोय."

"चालवून राहिलेत?" श्रीशैल किंचाळला.

"न्हाई रे. उभाच हाय. पण स्टेअरिंग धरलंय. तू बी धर."

"मी काय धरू? ऑफिसात हाय मी."

"काही बी धर. आन् समोर बघ."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "धरलं," श्रीशैल म्हणाला. "पाण्याची बाटली धरलीय. बोला."

मग अप्पांनी समोरच्या हातगाडीकडं बघत सगळं पुन्हा सांगितलं. ह्या वेळी कूलर नव्हता, त्यामुळे प्रत्येक शब्द जायचा तिथं गेला. सांगून झाल्यावर ते थांबले, आणि तिकडून त्यांना श्रीशैलचं रडणं ऐकू आलं. लेकाला रडताना त्यांनी लहानपणानंतर ऐकलेलंच नव्हतं. दानम्मा गेल्या तेव्हा दोघं दोन वेगवेगळ्या खोल्यांत रडले होते.

बऱ्याच वेळानं श्रीशैलनं नाक ओढलं. "अप्पा, आई काय म्हणली ते मला ठाऊक हाय."

"तुला? तू तर गाडीत होतास."

"दुसरं काय म्हणणार ती? जलमभर जे म्हणली तेच. 'आहो, तो कूलर बंद करा.'"

दानम्मांचा तो वैतागलेला आवाज अप्पांना इतका स्पष्ट ऐकू आला की त्यांनी मागं वळून बघितलं.

"मी बंद केलता रे," ते हळूच म्हणाले.

"केलता ना? मग झालं तर. तिचं शेवटचं म्हणणं तुम्ही ऐकलंच की, अप्पा."

अप्पांनी कपाळ स्टेअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजला. चांगला लांबलचक वाजला, कारण कपाळ काही लवकर उचललं गेलं नाही. हातगाडीवाला दचकून बाजूला झाला आणि सगळी गल्ली टेंपोकडं बघायला लागली.

"अप्पा! खरं सांगा, चालवून तर न्हाई राहिलेत ना?" श्रीशैल ओरडला, आणि अप्पांना हसू फुटलं. मग त्यालाही फुटलं. रडता रडता हसायचं म्हणजे घशाचे हाल होतात, ते दोघांचेही झाले.

"मी तुम्हाला किती डाव म्हणलो होतो," श्रीशैल हसत म्हणाला, "घरात एक कंपनीचा कूलर आणा. आवाज करत न्हाई."

उभ्या हयातीत अप्पांनी ही गोष्ट कुणापुढं कबूल केलेली नव्हती. पण आज मन इतकं हलकं झालं होतं, की जन्मभर कूलरशेजारी बोलायची सवय असलेल्या त्या माणसानं, त्याच सवयीच्या खड्या आवाजात सांगून टाकलं, "हाव रे बाबा! आपला कूलर म्हणजे नुसता आवाज! कंपनीचाच घ्यायला पाहिजे होता!"

टेंपोच्या दोन्ही काचा खाली होत्या. फोन ठेवून, डोळे पुसून अप्पा खाली उतरले तेव्हा नरसिंग एकटाच दाराशी उभा होता.

"निलंग्याचं गिऱ्हाईक कुठं गेलं रे?"

"टेंपोतून कोण वरडलं, म्हणून इचारलं. मी म्हणलो, मालक," नरसिंग म्हणाला. "मग म्हणले, कंपनीचा कूलर कुठं मिळतोय. मालकच म्हणून राहिलेत तर मी कशाला खोटं बोलू? समोरचं दुकान दाखवलं."